हिरवे पान आणि लाल रक्त

(वर्षावासाच्या निमित्ताने बुलढाणा येथे मंडळाच्या सभागृहात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या भाषणासाठी मंडळाने आम्हांस आरोग्यविषयक कोणताही विषय घेण्याची मोकळीक दिली होती. आम्ही पालेभाजीच्या हिरव्या रंगाचा विषय निवडला, तेव्हा काही कार्यकर्त्यांना हसू आले. मधुमेह, रक्तदाब, कर्करोग असे मोठमोठे विषय सोडून भाजीच्या रंगावर काय बोलणार, असे त्यांना वाटले असावे. परंतु गेल्या काही वर्षांत आपल्या जिल्ह्यातील खेड्यांतून हिंडताना एक गोष्ट वारंवार नजरेस पडते. हिरव्या पावडरीचे डबे, गव्हांकुराच्या रसाच्या बाटल्या, 'हरितद्रव्याच्या' गोळ्या घेऊन विक्रेते थेट वस्तीत येतात. 'हे हिरवे रक्त आहे, महिनाभरात अंगात लाल रक्त भरते' असे ते सांगतात. घरात अशक्त मुलगी असते, बाळंतीण असते, आणि आई आठवड्याच्या निंदणाची मजुरी त्या डब्यावर घालते. ज्या निंदणाची ती मजुरी, त्याच निंदणात तिने चिवळ, तरोटा, कुंजर उपटून धुऱ्यावर फेकलेले असते! हा सौदा आम्हांस फार सलतो. म्हणून आजचा विषय.

प्रथम हे हरितद्रव्य म्हणजे काय ते पाहू. पानाला हिरवा रंग देणाऱ्या या द्रव्याला इंग्रजीत क्लोरोफिल म्हणतात. पेलेतिए आणि काव्हांतू या दोन फ्रेंच रसायनशास्त्रज्ञांनी १८१७ साली ग्रीक भाषेतील 'हिरवा' आणि 'पान' या दोन शब्दांवरून ते नाव ठेवले. याच जोडीने पुढे १८२० साली सिंकोनाच्या सालीतून हिवतापावरचे क्विनाइन वेगळे काढले. त्यामुळे हिवतापाने पोळलेल्या आपल्या मुलखाने तरी त्यांची आठवण ठेवायला हरकत नाही. झाडाच्या पानात हे द्रव्य मुख्यतः दोन प्रकारचे असते. एक निळसर हिरवे, दुसरे पिवळसर हिरवे. पहिले साधारण तिप्पट. सूर्याचा प्रकाश पकडून हवा आणि पाणी यांपासून साखर बनविण्याचे काम त्यांच्यामुळे होते. ज्वारीचा दाणा काय, कापसाचे बोंड काय, शेवटी सगळे त्या हिरव्या कारखान्यातूनच निघते.

आता 'हिरवे रक्त' या शब्दाकडे येऊ. हा शब्द हवेतून आलेला नाही, त्याला एक धागा आहे. जर्मनीचे व्हिलश्टेटर यांनी हरितद्रव्याच्या रचनेवर काम केले आणि त्याच्या रेणूत मॅग्नेशियम हा धातू असतो हे पक्के केले. त्यांना १९१५ चे नोबेल पारितोषिक मिळाले. त्यांच्यानंतर हान्स फिशर यांनी रक्तातील लाल द्रव्य आणि पानातील हिरवे द्रव्य या दोहोंचा अभ्यास केला आणि १९३० चे नोबेल मिळविले. दोन्ही रेणूंची मूळ चौकट एकाच घराण्यातील निघाली. बैलगाडीच्या चाकासारखे एक कडे समजा. रक्ताच्या कड्यात मधोमध लोह बसलेले, पानाच्या कड्यात मॅग्नेशियम. इतके साम्य पाहिल्यावर कोणालाही वाटणार, की मधला धातू बदलला की झाले, पानाचे रक्त होईल. विक्रेत्याचे सगळे भांडवल हेच.

पण शरीर तसे करीत नाही. पान खाल्ले की जठरातील आम्लाने त्या कड्यातील मॅग्नेशियम निखळते आणि हिरव्याचे मळकट तपकिरी द्रव्य होते. त्यातला फार थोडा अंश आतड्यातून शोषला जातो, बाकीचा विष्ठेवाटे बाहेर पडतो. ते कडे उचलून त्यात लोह बसविण्याची कोणतीही सोय माणसाच्या शरीरात नाही. रक्तातील कडे आपले शरीर स्वतःच, अगदी साध्या द्रव्यांपासून नव्याने घडविते. कडे घडविण्याची अडचण बहुतेकांना नसतेच, अडचण असते ती लोहाची. आणि हिरव्या रंगात लोह नाही, मॅग्नेशियम आहे. गाय-म्हैस जन्मभर हिरवे खाते, म्हणून तिला पंडुरोग होत नाही असे थोडेच आहे? गोचिडांनी आणि जंतांनी तिचेही रक्त उतरतेच.

येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. गव्हांकुराच्या रसावर डॉक्टरांनी कधी प्रयोगच केले नाहीत असे नाही. चंदीगडच्या पी.जी.आय. या नामांकित संस्थेतील डॉक्टरांनी २००४ साली थॅलेसेमियाच्या रुग्णांवरील एक लहान प्रयोग प्रसिद्ध केला. त्यातील काही रुग्णांना रक्त चढविण्याची गरज कमी पडली असे त्यांना दिसले. परंतु रुग्ण थोडे, आणि तुलनेसाठी वेगळा गट नाही. अशा प्रयोगावरून पुढे अधिक शोध घ्यावा एवढेच म्हणता येते. त्याच्या जोरावर गावोगाव डबे विकणे हा शुद्ध व्यापार होय.

हे आम्ही इतक्या तपशिलाने का सांगतो? कारण विदर्भात सिकलसेल आहे. नागपूरच्या शुक्ला आणि सोळंकी या डॉक्टरांनी १९५८ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात भारतातील सिकलसेलविषयी लिहिले, तेव्हापासून हे सर्वांना ठाऊक आहे, की हा आजार आदिवासी बांधवांत आहे तसाच आपल्या समाजातही आहे. हा जन्माने येणारा दोष आहे, खाण्यापिण्याने येत नाही आणि खाण्यापिण्याने जातही नाही. एका गावात आम्ही असे घर पाहिले, की मुलीला सरकारी दवाखान्यातून मिळणाऱ्या गोळ्या बंद करून घरच्यांनी हिरवी पावडर सुरू केली होती. का, तर विक्रेता म्हणाला की 'इंग्रजी औषधाने रक्त आणखी पातळ होते.' सिकलसेलच्या रुग्णाच्या तांबड्या पेशी लवकर फुटतात, नव्या पेशी भराभर बनवाव्या लागतात, आणि त्यासाठी फॉलिक ॲसिड लागते. अनेकांना हायड्रॉक्सियुरिया हे औषधही द्यावे लागते. त्याने वेदनांचे झटके कमी होतात. ही औषधे एका हिरव्या डब्यासाठी बंद करणे म्हणजे लेकराच्या जिवाशी खेळ आहे. केंद्र सरकारने १ जुलै २०२३ रोजी सिकलसेल निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान सुरू केले आहे. तरुण मुलामुलींनी लग्नापूर्वी रक्ताची तपासणी करून घ्यावी, अशी आमची आग्रहाची विनंती आहे. दोघेही वाहक असतील तर प्रत्येक बाळंतपणात चारांत एक या प्रमाणात बाळाला आजार होण्याची शक्यता असते. पत्रिका जुळविण्यापेक्षा हे रक्त जुळविणे कितीतरी महत्त्वाचे.

फॉलिक ॲसिडचा उल्लेख झाला, तर त्याची हकीकत सांगितल्यावाचून आम्हांस पुढे जाववत नाही, कारण ती आपल्या महाराष्ट्रात घडली. १९२८ साली ल्युसी विल्स नावाच्या इंग्रज डॉक्टरीणबाई मुंबईस आल्या. गिरण्यांत काम करणाऱ्या गरीब बायांना गरोदरपणी एक भयंकर पंडुरोग होत असे. रक्तातील पेशी संख्येने कमी आणि आकाराने मोठ्या होत, आणि पुष्कळ बाया दगावत. विल्सबाईंनी जंतूंचा शोध घेतला, तो लागला नाही. मग त्यांनी त्या बायांच्या ताटात काय आहे ते पाहायला सुरुवात केली. ताटात भाजी नव्हती, फळ नव्हते, दूध जवळजवळ नव्हते. निरनिराळे पदार्थ देऊन पाहता पाहता त्यांना आढळले, की 'मार्माइट' हा यीस्टचा स्वस्त अर्क दिला की रुग्ण झपाट्याने सुधारतात. १९३१ साली त्यांनी ते प्रसिद्ध केले. त्या अर्कातला गुणकारी घटक कोणता, हे मात्र कळेना. दहा वर्षांनी, १९४१ साली, अमेरिकेतील टेक्सास विद्यापीठात संशोधकांनी चार टन पालक घेऊन त्यातून एक द्रव्य वेगळे केले आणि पानाला लॅटिनमध्ये जो शब्द आहे त्यावरून त्याचे नाव ठेवले फॉलिक ॲसिड. विल्सबाईंचा घटक तो हाच, हे नंतर स्पष्ट झाले.

म्हणजे पानात रक्ताला उपयोगी पडणारे काहीतरी आहे, ही जुन्या बायांची समजूत खोटी नव्हती. फक्त ते द्रव्य हिरवा रंग नव्हे. हिरव्या रंगाच्या शेजारी, त्याच पानात राहणारे ते दुसरेच बिनबोभाट द्रव्य आहे. आणि मुंबईच्या ज्या बाया मेल्या त्या काही दुर्मिळ औषधावाचून मेल्या नाहीत, मूठभर पाल्यावाचून मेल्या. गिरणगावात त्यांना तो मिळत नव्हता. आपल्याला धुऱ्यावर मिळतो.

आकडे थोडे सांगतो, कंटाळू नका. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी ५४.२ टक्के रक्तक्षयी आढळल्या, आणि पाच वर्षांखालील मुलांत हे प्रमाण ६८.९ टक्के होते. त्याआधीच्या, २०१५-१६ च्या पाहणीत स्त्रियांचा आकडा ४८ टक्के होता. म्हणजे रस्ते झाले, मोबाइल आले, आणि रक्त उतरले. आता हिशेब करू. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०१७ च्या तक्त्याप्रमाणे १०० ग्रॅम पालकात सुमारे ३ मिलिग्रॅम लोह असते. प्रौढ स्त्रीने दररोज २९ मिलिग्रॅम लोह घ्यावे अशी २०२० ची शिफारस आहे. तेव्हा केवळ पालकाने भागणार नाही हे उघड आहे. शिवाय पानातील लोहापैकी फारच थोडे अंगी लागते. म्हणून आम्ही विक्रेत्याला जसे नाकारतो, तसे 'पालेभाजी खा, सगळे ठीक होईल' असे सांगणाऱ्या आमच्यासारख्या व्याख्यात्यांनाही थोडे आवरू इच्छितो. बाजरी, ज्वारी, मटकी, हरभरा, जवस, तीळ यांचे लोह आहे. जे खातात त्यांच्यासाठी कलेजी, मटण, मासळी आहे, आणि त्यातील लोह अंगी अधिक लागते. जेवताना लिंबू पिळले किंवा आवळा खाल्ला तर भाजीतले लोह जास्त शोषले जाते. जेवणावर लगेच चहा घेतला तर कमी. आपल्याकडे भाकर खाऊन उठल्याबरोबर चहाचे आधण ठेवायची सवय आहे, ती तासभर लांबवावी. आणि आशाताईने दिलेल्या लोहाच्या गोळ्या मडक्यामागे लपवून ठेवू नयेत. शौच काळे होते, मळमळते, हे खरे. रात्री जेवणानंतर घेतल्या तर पुष्कळांना सोसतात.

आता आपल्या शिवारातील भाज्यांकडे वळू. चिवळ, घोळ, तरोटा, अंबाडी, पाथरी, कुंजर, तांदुळजा, माठ, राजगिरा, चाकवत, करडईचा कोवळा पाला, हरभऱ्याचे शेंडे, शेवग्याची आणि हादग्याची पाने. या सभेतील साठीच्या पुढच्या बायांनी यांतील दहा तरी भाज्या हाताने खुडल्या असतील. १९७२ च्या दुष्काळात रोजगार हमीच्या कामावर सुकडी मिळे, मिलोच्या लाल ज्वारीची भाकर असे, आणि तोंडी लावायला जिथे मिळेल तिथला पाला. त्यामुळे या भाज्यांना गरिबीचा वास चिकटला. एका गावी सभेनंतर एक आजी आम्हांला म्हणाल्या, "भाऊ, तरोटा खाऊन आमी लेकरं वाढवले. आता सुनेले मनलं त ते मनते, मायबाई, लोकं काय मनतीन!" त्या सुनेच्या घरात, आजींनीच सांगितले, बिस्किटांचे पुडे येतात.

ही लाज कोणी शिकविली याचा विचार आपल्या समाजाने विशेष करायला हवा. दुसऱ्याच्या शेतात राबताना पदरात बांधून आणलेला पाला हे आमच्या आया-आज्यांचे हक्काचे अन्न होते. त्यासाठी कोणापुढे हात पसरावा लागत नव्हता. आज ते अन्न दुसऱ्याच कारणाने नाहीसे होत आहे. जिल्ह्यात सोयाबीन वाढले, निंदणाला बाया मिळत नाहीत अशी ओरड झाली, आणि तणनाशकाचा पंप आला. तण मेले तसा तरोटाही मेला, चिवळही मेली. निंदणाची मजुरी गेली ती वेगळीच. ज्या शेतात तणनाशक किंवा कीटकनाशक मारले आहे, तेथील पाला चुकूनही आणू नये. शंका असेल तर शेतमालकाला विचारावे. ते जमत नसेल तर घराच्या मोरीजवळ हातभर जागेत तांदुळजा आणि पालक टाकावा, कुंपणाला शेवग्याची फांदी रोवावी. शेवगा पाणी मागत नाही आणि वर्षभर पाला देतो.

हिरवा रंग स्वतः पौष्टिक नसला तरी तो एक खूण आहे, हे विसरू नये. पान जितके गर्द हिरवे, तितके त्यात बहुधा कॅरोटीन जास्त. कॅरोटीन पिवळे-नारिंगी असते, पण हिरव्याच्या दाट थराखाली ते दिसत नाही. पान पिकले की हिरवा रंग विरतो आणि पिवळा उघडा पडतो. या कॅरोटीनपासून शरीर अ जीवनसत्त्व बनविते. त्याच्या अभावी मुलांना रातांधळेपणा येतो, डोळ्यात पांढरट ठिपके पडतात, पुढे डोळा जातो. यासाठीच १९७० साली देशात बालकांना अ जीवनसत्त्वाचा डोस देण्याचा कार्यक्रम सुरू झाला. पानकोबीची आतली पांढरी पाने आणि बाहेरची हिरवी पाने यांत हाच फरक असतो. आपण बाहेरची बकरीला टाकतो, आतली स्वतः खातो. बकरी शहाणी ठरते. कॅरोटीन तेलात विरघळते, म्हणून फोडणी हवी. नुसती उकडून पिळलेली भाजी अंगी कमी लागते.

स्वयंपाकघरात हा रंग आणखी काही सांगतो. पालक झाकण ठेवून बराच वेळ शिजविला की तो शेवाळी-तपकिरी होतो. कारण पानातील आम्ल वाफेबरोबर बाहेर न जाता भांड्यातच राहते आणि जठरात जे होते तेच, मॅग्नेशियम निखळणे, भांड्यात होते. अंबाडी तर मुळातच आंबट, तिचा रंग टिकणारच नाही. त्याने बिघडत काही नाही. बिघडते ते रंग टिकविण्यासाठी सोडा टाकल्याने. लग्नाच्या पंगतीत आचारी चिमूटभर खायचा सोडा टाकतो आणि भाजी हिरवीगार दिसते, पण सोड्याने क जीवनसत्त्व आणि थायमिन नष्ट होतात. डोळ्यांना हिरवे, अंगाला कोरडे. भाजी आधी धुवावी, मग चिरावी. चिरून धुतली तर फॉलिक ॲसिड आणि क जीवनसत्त्व मोरीत जाते. अंबाडी उकडून पाणी टाकून देण्याची आपल्याकडे रीत आहे. फार आंबट असेल तर थोडे पाणी काढावे, पण उरलेले वरणात किंवा कण्यांत घालावे. हरभऱ्याची भाजी वाळवून उन्हाळ्यासाठी ठेवतात, ती चांगली सोय आहे. मात्र कडक उन्हात नव्हे तर सावलीत, कापड झाकून वाळवावी. उन्हाने हिरवा रंग उडतो आणि कॅरोटीनही उडते.

तर मग हरितद्रव्याचा स्वतःचा काहीच गुण नाही काय? एक आहे, आणि तो आपल्या कामाचा आहे. भुईमूग, मका, मिरची दमट जागी राहिली की त्यावर एक बुरशी येते आणि ती अफ्लाटॉक्सिन नावाचे विष तयार करते. १९६० साली इंग्लंडमध्ये भुईमुगाच्या पेंडीतील या विषाने लाखभर टर्की पक्षी मेले, तेव्हा ते प्रथम ओळखले गेले. आपल्या देशात १९७४ च्या अखेरीस राजस्थान-गुजरातच्या सरहद्दीवरील आदिवासी गावांत बुरशी लागलेला मका खाऊन ३९७ माणसे आजारी पडली आणि त्यांतील १०६ दगावली. थोडे थोडे विष वर्षानुवर्षे पोटात गेले तर यकृताचा कर्करोग होतो. चीनमधील छीतुंग या भागात हा कर्करोग फार. तेथे १८० निरोगी माणसांवर एक प्रयोग झाला, तो २००१ साली प्रसिद्ध झाला. निम्म्यांना हरितद्रव्यापासून बनविलेल्या क्लोरोफिलिन या द्रव्याची १०० मिलिग्रॅमची गोळी रोज तीनदा चार महिने दिली, उरलेल्यांना तशीच दिसणारी पोकळ गोळी. गोळी घेणाऱ्यांच्या लघवीत विषाने झालेल्या इजेची खूण ५५ टक्क्यांनी कमी आढळली. हे द्रव्य आतड्यातच विषाला चिकटून बसते आणि त्याला आत शिरू देत नाही, असे त्याचे स्पष्टीकरण देतात. प्रयोग उत्तम होता. पण त्याने कर्करोग टळला असे सिद्ध झालेले नाही, एक खूण कमी झाली एवढेच. मुठीभर पालकात सुमारे २४ मिलिग्रॅम हरितद्रव्य असते, आणि ते क्लोरोफिलिन नव्हे. आपल्या जिल्ह्यात आता मका मोठ्या प्रमाणावर पिकतो. तो नीट वाळवून, जमिनीपासून उंच, कोरड्या जागी ठेवणे आणि काळा पडलेला शेंगदाणा चटणीत न कुटणे, हा उपाय कोणत्याही गोळीपेक्षा खात्रीचा.

हे क्लोरोफिलिन म्हणजे हरितद्रव्यातील मॅग्नेशियम काढून तेथे तांबे बसविलेले, पाण्यात विरघळणारे द्रव्य होय. खाण्याच्या रंगात ते वापरतात. बाटलीतले 'द्रवरूप क्लोरोफिल' म्हणून जे विकतात ते बहुधा हेच असते, हे लेबलावर बारीक अक्षरांत दिसेल. ही हिरवी लाट नवी नाही. १९५० च्या सुमारास अमेरिकेत हरितद्रव्याच्या टूथपेस्ट, साबण, गोळ्या यांचे असेच पेव फुटले होते. त्याने अंगाची दुर्गंधी जाते असा डंका होता. तेव्हा कोणीतरी बोकडाची आठवण करून दिली. दिवसभर हिरवा पाला खाणारा बोकड कसा दरवळतो ते आपणही जाणतो! पुढे ते पेव आपोआप ओसरले. जपानमध्ये १९७७ साली तर क्लोरेला नावाच्या शेवाळाच्या गोळ्या खाऊन काही लोकांच्या अंगावर ऊन लागताच पुरळ आणि सूज आली. हरितद्रव्य कुजून बनलेले एक द्रव्य त्या गोळ्यांत साचले होते. जेवणातल्या भाजीने असे होत नाही. गोळी करून, आटवून, घट्ट करून खाल्ले म्हणजे गुणच घट्ट होतात असे नाही.

शेवाळाचे नाव निघाले तर लोणारचा विचार मनात येणारच. आपल्या जिल्ह्याचे हे उल्काविवर साधारण १.८ किलोमीटर रुंद, पाणी खारट आणि सोड्यासारखे. त्या पाण्याला हिरवा रंग देणाऱ्या सूक्ष्म जीवांत स्पिरुलिना हा प्रमुख आहे. जून २०२० मध्ये तेच सरोवर एकाएकी गुलाबी झाले, तेव्हा लोकांनी नाना तर्क केले. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने तपासून सांगितले, की क्षार वाढल्यावर फोफावणाऱ्या हॅलोआर्किया या सूक्ष्म जीवांच्या रंगामुळे ते झाले. पावसाचे पाणी आल्यावर रंग उतरला. स्पिरुलिना हे अन्न आहे, यात शंका नाही. आफ्रिकेतील चाड सरोवराकाठचे लोक पिढ्यान्‌पिढ्या त्याच्या वड्या करून खातात. त्यात प्रथिने भरपूर आहेत. मात्र त्यातील ब-१२ जीवनसत्त्व बहुतांशी नकली असते, माणसाच्या अंगी लागत नाही. जाहिरातीत याच्या उलट सांगतात. आणि लोणारच्या पाण्यातील शेवाळ कोणी गाळून खाऊ नये, कारण हौदात शुद्ध वाढविलेले शेवाळ वेगळे आणि सांडपाणी मिसळलेल्या उघड्या पाण्यातले वेगळे. त्याशिवाय ते अभयारण्य आहे आणि २०२० पासून रामसर यादीतील पाणथळ आहे.

आता काही सावधगिरीच्या गोष्टी, आणि मग आम्ही थांबतो. बटाट्याचा जो भाग हिरवा झाला आहे, तो हिरवा रंग हरितद्रव्याचाच आणि निरुपद्रवी. पण उजेड लागून रंग आला तेथे सोलॅनिन हे विषही वाढलेले असते, म्हणून असा भाग खोलवर कापून टाकावा आणि बटाटा कडू लागला तर सगळाच टाकावा. बाजारात भेंडी, हिरवी मिरची फारच चकचकीत दिसली तर शंका घ्यावी, कारण मॅलाकाइट ग्रीन नावाच्या कापडाच्या रंगात ती बुडविलेली असू शकते. अन्नसुरक्षा प्राधिकरणाने सोपी कसोटी दिली आहे. कापसाचा बोळा लिक्विड पॅराफिनमध्ये भिजवून भेंडीच्या सालीवर घासावा. बोळा हिरवा झाला तर भेंडी रंगविलेली.

हृदयाच्या झडपेचे ऑपरेशन झाल्यावर रक्त गोठू नये म्हणून ज्यांना वॉरफरिन किंवा तशी गोळी चालू आहे, त्यांनी पालेभाजी एकदम वाढवू नये आणि एकदम सोडूही नये, कारण पानातील के जीवनसत्त्व त्या गोळीच्या उलट काम करते. दर आठवड्याला सारखे प्रमाण ठेवावे आणि डॉक्टरांना तसे सांगावे. खारपाणपट्ट्यातील, म्हणजे शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोदकडील मंडळी येथे बसली आहेत. तुमच्या भागात मूत्रपिंडाच्या विकाराची चिंता घरोघर आहे. ज्यांचे मूत्रपिंड बिघडले आहे, त्यांना पालेभाजीतील पोटॅशियम बाधू शकते. त्यांनी आमच्या भाषणावरून नव्हे, आपल्या डॉक्टरांना विचारूनच ताट ठरवावे. हिरव्या रसाच्या बाटलीपासून तर त्यांनी चार हात दूरच राहावे. तिच्यात किती पोटॅशियम आहे हे विकणाऱ्यालाही ठाऊक नसते.

मागच्या बाजूला मंडळाच्या भगिनींनी तरोटा, चिवळ, घोळ आणि कुंजर यांच्या ताज्या जुड्या ओळखण्यासाठी मांडून ठेवल्या आहेत. तरोटा आणि त्यासारखी दिसणारी दुसरी झुडपे यांतील फरक त्या प्रत्यक्ष पान हातात घेऊन दाखवतील. तोवर कोणाला काही विचारायचे असेल तर अवश्य विचारावे. जयभीम.